सहा रेघा

११ जानेवारी

ही डायरी टायरवाल्यानं फुकट दिली. गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे वार सगळे चुकीचे. मला वाराशी काय करायचंय, तारीख पुरे. सहावीत शाळा सोडली तेव्हा ताई म्हणाली होती, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर अक्षरं गंजतील. तेव्हा ऐकलं नाही. आज लिहायला बसलोय ते ताईसाठी नव्हे. डेपोतल्या मिस्त्रीनं आज जे केलं ते मी विसरू नये म्हणून. माझा स्वभाव मला माहीत आहे. समोरचा चार दिवस गोड बोलला की माझा राग पातळ होतो. हा राग मला पातळ होऊ द्यायचा नाही.

पहिल्यापासून लिहितो.

आमच्या डेपोत चाळीस ट्रक. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे जाड पट्टे, झिजले की शूवर, त्यांच्या लोखंडी कमानीवर, नवे ठोकायचे. पण नवा लायनर नुसता ठोकून चालत नाही. तो ड्रमच्या आत सगळीकडून सारखा टेकला पाहिजे, म्हणून वरून घासून गोल करावा लागतो. त्यासाठी शू काढायचे, पोत्यात भरायचे, गावातल्या मोठ्या लेथवर पाठवायचे. दोन दिवस ट्रक घोडीवर, लोखंडी टेकूवर, लंगडा उभा. मी म्हटलं, शू लेथकडे कशाला न्यायचे? लेथच ट्रककडे आणला तर?

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही, पण तो कशालाच हसत नाही.

आठ महिने लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत उरकायचा आणि भंगारात बसायचं. एक फुटका हब, जाड पाइप, जुन्या स्टिअरिंगचा आटा, एक हँडल. बेअरिंग तेवढे मिस्त्रीनं स्वतःच्या पेटीतले दिले, ते लिहिलं पाहिजे. यंत्र ॲक्सलच्या टोकाला कसायचं. हँडल फिरवलं की हात गोल फिरतो, त्याच्या टोकाचं टूल शूवरचा लायनर जागेवरच तासतं. दोन माणसं उचलून कुठल्याही ट्रककडे नेतील. टूल किती पुढे घ्यायचं ते कळायला मी एक चकती केली. तिच्यावर शंभर रेघा, एकेक छिन्नीनं पाडलेली. माझा अंगठा अजून वाकडा आहे.

मिस्त्रीनं काय केलं? नऊ वेळा 'परत कर' म्हणाला.

आज साहेब यंत्र बघायला आले. मी ट्रकखाली होतो. कंप्रेसर चालू होता, त्यामुळे शब्द ऐकू येत नव्हते, नुसते हात दिसत होते. साहेबांचं बोट आधी यंत्राकडे गेलं, मग माझ्या पायांकडे. मिस्त्री मान हलवत होता. नाही, नाही. साहेबांनी एक कागद पुढे केला. तेवढ्यात कंप्रेसर बंद पडला आणि मिस्त्रीचा आवाज स्वच्छ आला.

"मी केलंय. एकट्यानं. सही कुठे करू?"

१२ जानेवारी

त्याला विचारलंच. "मिस्त्री, काल साहेबांना काय सांगितलंत?"

"जे सांगायचं ते."

"यंत्र कोणाचं आहे?"

"ट्रकचं," म्हणाला, आणि माझ्या अंगावर फडकं टाकलं. "चकतीत तेल साचलंय. पूस."

पुसली. तो बघत होता का माहीत नाही. त्याला तसंही धड दिसत नाही, उजव्या डोळ्यावर दुधाची साय आल्यासारखं झालंय.

१९ जानेवारी

यंत्रावर पितळी पट्टी लागली. तिच्यावर मिस्त्रीचं नाव. अक्षरं त्यानं स्वतः ठोकली, वाकडीतिकडी. चार स्क्रू. स्क्रू पिळायला मलाच उभं केलं.

बोका आला होता. बोका म्हणजे आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, मिशा दोन्हीकडे ताठ, म्हणून बोका. त्यानं पट्टी मोठ्यानं वाचली, मग माझ्याकडे बघून डोळा मारला. "भिंगरी, पोर तुझं आणि बारसं मिस्त्रीचं?"

मी एका जागी बसत नाही म्हणून सगळे मला भिंगरी म्हणतात.

"बोकादादा, थट्टा नको," मी म्हटलं.

"थट्टा कुठे? मी तर आत्याची भूमिका करतोय." आणि मिशांवरून हात फिरवत गेला.

माझी नोंद रजिस्टरात अजून 'गाड्या धुणारा' अशीच आहे. धुणाऱ्यानं शूला हात लावायचा नाही असा नियम. म्हणजे आठ महिने मी जे केलं ते कागदावर झालंच नाही. मिस्त्रीला चोरी करायला किती सोपं गेलं असेल.

२० जानेवारी

ताईचा फोन. "झालं का रे तुझं यंत्र? यांना सांगितलंय मी. म्हणतात, आधी फोटो दाखव, मग खरं."

भावजी असेच. त्यांच्या लेखी मी कुठेही टिकत नाही. दोन वर्षांत चार नोकऱ्या सोडल्या हे खरं आहे, पण कोणी सोडवल्या ते कोणी विचारत नाही.

फोटो काढला. पट्टीवर अंगठा ठेवून.

मग ठरवलं. ही पट्टी उतरली पाहिजे. मी उतरवणार नाही, तिला हात लावणार नाही. ती सगळ्यांसमोर उतरली पाहिजे आणि त्याची मान खाली गेली पाहिजे. तारखेसकट लिहून ठेवतो.

२ फेब्रुवारी

चकती कुठून मोजायची त्यासाठी चकतीशेजारच्या पाइपवर मी एक खूण केली होती. शून्याची खूण. आज ती कानशीनं घासून टाकली. आता शून्य कुठे आहे ते फक्त मला ठाऊक. यंत्र तुमचं ना मिस्त्री? मग चालवून दाखवा.

पण मजा आलीच नाही. त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तो चकती बघतच नाही. त्याची पद्धत म्हणजे खडू. ड्रमच्या आतून पांढरा खडू फासतो, ड्रम शूवर चढवून एकदा फिरवतो, उतरवतो आणि लायनरवर खडू कुठे लागला ते बोटानं चाचपतो. मग थोडं तासतो. परत खडू. परत थोडं. एका चाकाला पाऊण तास. मी चकतीवर तेच काम दहा मिनिटांत करतो.

"चकतीला ड्रम माहीत नाही," म्हणतो. "प्रत्येक ड्रम वेगळा झिजतो. ड्रमला विचारावं."

ड्रमला विचारा! हे शिकवायला मास्तर काय कमी होते. खडू म्हटलं की मला कपाळावर बसलेले आठवतात. आमचे मास्तर नेम धरून मारायचे.

१० फेब्रुवारी

मोठ्या ऑफिसातून तिघे जण येणार आहेत. सतरा तारखेला. यंत्र बघणार, पसंत पडलं तर सगळ्या डेपोंना असंच करून देणार. साहेब मिस्त्रीच्या पाठीवर हात ठेवून फिरतायत. मिस्त्री म्हणाला, पाहुण्यांसमोर खडूचा खेळ करत बसलो तर कंटाळतील, त्या दिवशी चकतीवर करू. मला म्हणाला, "तू मला आकडे वाचून दाखव. मला रेघा दिसत नाहीत."

म्हणजे मी पोपट. नाव त्याचं, डोळे माझे.

ठीक आहे. चकतीवरच करा.

१५ फेब्रुवारी

केलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे नळावर होते. चकतीचा छोटा स्क्रू सैल केला, चकती सहा रेघा पुढे सरकवली, स्क्रू परत कसला. सहा रेघा म्हणजे दीड एमएम. आता चकती म्हणेल झालं, पण लायनर दीड एमएम जाडच राहील. ड्रम चढणारच नाही. पाहुण्यांसमोर मिस्त्री ढकलेल, वाकेल, हातोडा मागेल. घामानं ओला होईल. कोणाला इजा नाही, काही नाही. ड्रम चढला नाही तर ट्रक घोडीवरून उतरतच नाही. मी काही राक्षस नाही.

डबा आज चवीनं खाल्ला.

१७ फेब्रुवारी

सकाळी लवकर गेलो, झोपच नव्हती. मिस्त्री माझ्याही आधी आलेला. यंत्राजवळ मांडी घालून, हातात घड्याळजी वापरतात तसली काच, आणि चकतीला डोळा चिकटवलेला. मला बघून काच खिशात टाकली आणि फडक्यानं यंत्र पुसायला लागला. नवरदेवासारखं सजवत होता. बाजूला भंगारातला एक ड्रम पडला होता आणि खाली लायनरचा काळा भुसा. काल संध्याकाळी मीच झाडलं होतं तिथे. मला म्हणाला, "झाड." एवढंच. पण बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी मागायचंय आणि मागवत नाही असा.

पाहुणे दहाला आले. मी आकडे वाचले, आवाज एकदम सरळ ठेवून. मिस्त्रीनं हँडल फिरवलं. भुसा उडाला. ड्रम उचलायची वेळ आली तेव्हा माझे कान तापले होते.

ड्रम चढला. ढकलायलाही लागलं नाही. बाटलीवर बूच बसावं तसा.

मला काहीच कळेना. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बोक्यानं मागून शिट्टी मारली. मग लक्षात आलं, थेरड्यानं शेवटी आपल्या हाताच्या अंदाजानंच टूल घेतलं असणार, मी वाचलेले आकडे नुसते ऐकल्यासारखे केले. त्याला माझ्या चकतीची गरजच नाही. माझा बदलासुद्धा त्याला लागू पडत नाही!

वर पाहुण्यांना काय सांगितलं? "हा चालवायला शिकलाय. याची नोंद बदला. माझ्या मागे हाच चालवेल." साहेब म्हणाले, बघू. तो म्हणाला, "बघू नाही, आत्ता." आणि तिघांसमोर रजिस्टर मागवून माझ्या नावापुढचं 'धुणारा' खोडायला लावलं.

उपकार. आधी घर लुटायचं, मग ओसरी झाडायला ठेवायचं.

३ मार्च

मिस्त्रीच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्या. दहा दिवस तो येणार नाही. यंत्र माझ्या ताब्यात. जाताना खडूचा डबा चकतीवर ठेवून गेला. "तीनदा खडू. घाई नको. काही अडलं तर..." आणि थांबला. "काही सांगायचंय का मला?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"मिस्त्री, डोळा सांभाळा."

गेला. चालताना भिंतीला हात लावत होता.

४ मार्च

आज मी मालक. सगळ्यात आधी चकती नीट केली. माझ्याच हातात यंत्र आहे तर वाकडं कशाला ठेवायचं? स्क्रू सैल केला, चकती सहा रेघा मागे घेतली, स्क्रू कसला. पुन्हा जिथल्या तिथे. मग पहिला ट्रक घेतला. बोक्याचा. मागची चारही चाकं.

बोका स्टुलावर चहा घेऊन बसला होता. "काय रे, खडू नाही फासत? मिस्त्री तर चेहऱ्याला पावडर लावल्यासारखा फासतो."

"मिस्त्रीला दिसत नाही म्हणून तो फासतो. माझी चकती आहे."

"बघ हं. परवा भरून डोंगर उतरायचाय. ब्रेक नाही लागला तर तुझ्या ताईला काय तोंड दाखवू? वाटेवरच आहे तिचं घर."

"ताईला फोटो द्या माझा," म्हटलं, आणि अंगठावाला फोटो त्याच्या खिशात घातला. "आणि सांगा, पट्टीचं काही विचारू नको."

चार चाकं, चाळीस मिनिटं. भुसा एवढा पडला की दोन टोपल्या भरल्या, मिस्त्रीच्या वेळी कधी एकसुद्धा भरत नाही. काम केल्यासारखं दिसतं तरी. आणि ड्रम कसे चढले! लोण्यात बोट जावं तसे. शू ड्रमजवळ आणायचा ॲडजस्टर नेहमीपेक्षा पुष्कळ घ्यावा लागला, पण नवे लायनर असे बसतातच. अंगणात रिकामा ट्रक पळवून ब्रेक मारला. थांबला.

"मिस्त्रीला विसरलो आता आम्ही," बोका म्हणाला.

रजिस्टरात पहिल्यांदा माझी सही. बोक्यानं वाचून दाखवायला लावली.

७ मार्च

लिहवत नाही.

९ मार्च

बोका जिवंत आहे. पाय दोन ठिकाणी मोडलाय, गळ्याजवळचं हाड मोडलंय. डोंगर उतरताना निम्म्यात पेडल खाली गेलं आणि ट्रक ऐकेना. चाकांतून धूर. पुढे माणसांनी भरलेली गाडी चालली होती. त्यानं ट्रक मातीच्या बांधात घातला.

हॉस्पिटलमध्ये गेलो. दारातून परत फिरत होतो, त्यानं बघितलं. मिशांवर पट्टी होती. एक बाजू कापावी लागली.

"भिंगरी," म्हणाला, "तुझ्या ताईकडे पोचलो नाही रे. फोटो खिशातच राहिला."

मी कॉटच्या दांड्याला धरून उभा राहिलो.

"तुझ्या हातून नाही झालं ते," तो म्हणाला. "त्या भंगार यंत्रामुळे झालं. मिस्त्रीनं नाव ठोकायची घाई केली."

मी मान हलवली. मान हलवली हे लिहून ठेवतो.

११ मार्च

मिस्त्री आला. डॉक्टरांनी बाहेर पडू नको म्हटलेलं, तरी काळा चष्मा लावून आला. ट्रक ओढून आणलाय, मागची चाकं उघडलीत. तो खाली बसला, एकेक लायनर बोटानं चाचपला. लायनर मध्ये तेवढा जळून काळा, दोन्ही टोकं कोरी. टोकांना ड्रम टेकलाच नव्हता. मग यंत्राकडे गेला, काच काढली, चकतीला डोळा लावला.

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

"सहा रेघा," तो म्हणाला.

मी जवळ जाऊन चकतीकडे बघितलं.

"तेव्हा पुढे होती. सहा. सतरा तारखेच्या पहाटे येऊन मी पाहिली, शून्याची खूणही नव्हती. जुन्या ड्रमवर घासून, खडू लावून मी तिला जागेवर आणली आणि काचेतूनच दिसेल एवढी बारीक खूण केली." काच पुसली. "आता सहा मागे आहे."

त्यानं नीट केलेली होती. मी नीट केलेलीच परत नीट केली. पंधरा दिवस ती बरोबर होती आणि मी सोडून ते सगळ्या जगाला कळत होतं, त्या ड्रमलासुद्धा. एकदा जरी खडू फासला असता तरी दिसलं असतं.

आणि मग मला जो राग आला तसा आयुष्यात आला नव्हता. पट्टी लागली तेव्हाही नाही.

"कळलं होतं तर बोललात का नाही?" मी ओरडलो. "थोबाडीत मारायची होतीत! सगळ्यांसमोर मारायची! गप्प कशाला बसलात?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," तो म्हणाला. "जाताना विचारलंसुद्धा."

"त्याला विचारणं म्हणतात?"

चष्म्यामागून पाणी येत होतं, ऑपरेशनमुळे येतं म्हणतात.

"नाही," म्हणाला. "नाही म्हणत. माझं चुकलं."

ते ऐकून तर जास्तच तळपायाची आग मस्तकात गेली. चूकसुद्धा माझ्या आधी कबूल करून मोकळा झाला.

१३ मार्च

चौकशी. मोठ्या ऑफिसातले तेच तिघे. टाळ्या वाजवणारे.

मला आत बोलवायच्या आधी मिस्त्रीनंच सगळं सांगून टाकलं होतं. की यंत्र त्याचं. की जाण्याआधी चकती त्यानंच लावली, डोळ्यानं धड दिसत नसताना. की मी सांगितलं तेवढंच केलं. मला फक्त विचारलं, "तुला यंत्रातलं काही कळतं का?" साहेब माझ्याकडे असे बघत होते की एक शब्द पुरे, 'नाही', की सुटलो.

मी काहीच बोललो नाही. त्यांनी तेच उत्तर धरलं.

टेबलावर कागद होता. अकरा जानेवारीचा. मला वाचायला वेळ लागतो, पण ते बोलत होते तोवर उलटा ठेवलेलाच वाचून काढला. यंत्रामुळे काही बरंवाईट झालं तर सगळी जबाबदारी खाली सही करणाऱ्याची. यंत्र रजिस्टरात कारागीर म्हणून नोंद असलेल्या माणसानंच केलेलं असलं पाहिजे, धुणाऱ्यानं वगैरे केलं असेल तर दोघांनाही कामावरून काढू. आणि खाली मिस्त्रीच्या हातचं एक वाक्य, त्याच्या त्या वाकड्या अक्षरात: यंत्र करताना माझ्यासोबत दुसरं कोणी नव्हतं.

हे वाक्य मला जानेवारीत दिसलं असतं तर मी शेड पेटवली असती.

१४ मार्च

पट्टी उतरली. साहेबांनी शिपायाला स्क्रू काढायला लावले. सगळ्यांसमोर. ड्रायव्हर, धुणारे, सगळे उभे होते. मिस्त्री मान खाली घालून उभा होता. महिनाअखेर त्यानं जायचं. एकतीस वर्षं होती त्याची इथे.

वीस जानेवारीचं पान उघडून बघितलं. अगदी तसंच झालं. मी पट्टीला हातही लावला नाही.

बोक्याच्या बायकोनं मिस्त्रीच्या दारात जाऊन त्याला नाही नाही ते सुनावलं म्हणे. तो ऐकत उभा राहिला, आणि मग तिला बसायला खुर्ची दिली.

१५ मार्च

ताईचा फोन. "बोकादादांचं कळलं रे. यंत्र तुझंच ना ते?"

आठ महिने ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न.

"सांगतो उद्या," म्हटलं.

"उद्या का?"

"आधी दुसऱ्या कोणाला तरी सांगायचंय."

१६ मार्च

रात्रभर विचार करून एक गोष्ट पक्की झाली. मी मिस्त्रीला माफ केलेलं नाही. तो मोठा मनाचा वगैरे असेल, असू दे. माझं यंत्र त्यानं मला न विचारता घेतलं. माझ्यासाठी घेतलं, पण न विचारता. माझी खोडी कळली तीही न विचारता झाकली. आता माझा गुन्हाही न विचारता खांद्यावर टाकून चाललाय. हा माणूस माझ्यासाठी काही म्हणून ठेवायला तयार नाही. त्याचा हिशेब चुकता करायचा तर रस्ता एकच. त्यानं जे जे घेतलंय ते सगळं त्याच्या हातातून हिसकावून घ्यायचं. चिडू दे. जळफळू दे. मला जसं झालं होतं तसंच त्याला होऊ दे.

दहा वाजता साहेबांच्या खोलीत गेलो. बाहेर कंप्रेसर चालू होता. मी बोललो. साहेबांनी कानाला हात लावला, "काय?" मी थांबलो. कंप्रेसर बंद होईपर्यंत थांबलो. या खेपेला अर्धवट कोणी काही ऐकायचं नव्हतं.

बंद झाला.

"यंत्र मी केलंय," मी म्हणालो. "आठ महिने, धुणारा असताना. शून्याची खूण मी घासली. चकती मी फिरवली, दोनदा. बोक्याचे शू मी तासले, खडू न लावता. मिस्त्रीचे त्यात फक्त बेअरिंग आहेत. सही कुठे करू?"

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, कळतंय का काय बोलतोस? हे पोलिसांत जाईल."

"कळतंय. कागद द्या."

दारात मिस्त्री उभा होता. किती वेळ उभा होता माहीत नाही. त्यानं चष्मा काढला, एक डोळा लाललाल. "मूर्खा!" तो ओरडला. "गप्प बस! साहेब, याचं ऐकू नका, हा काहीही... भिंगरी, मी सांगतोय, गप्प बस!"

आवाज इतका मोठा की शेडमधली माणसं धावत आली. इतक्या दिवसांत मिस्त्रीचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. कपाळावरची शीर फुगली होती. फडकं नव्हतं हातात, नाहीतर तोंडावर फेकलं असतं.

मी सही केली. सावकाश, एकही अक्षर न गाळता.

बरं वाटलं.